परवाना माणसाचा असतो, घराचा नाही : बंदूक-पिस्तुलाच्या कायद्यातल्या कोणत्या पळवाटा बुजल्या, कोणत्या अजून उघड्या?

कोल्हापूर : राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांत शेतसंरक्षणाची बंदूक काही नवी नाही. गवे आणि रानडुकरं एका रात्रीत ऊस-भात लोळवून जातात, म्हणून आजोबांनी कधीतरी परवाना काढलेला असतो. पुढं आजोबा थकतात, बंदूक मात्र घरातच राहते. राखणीला कधी मुलगा घेऊन जातो, कधी पुतण्या, कधी शेजारीही मागून नेतो. स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वर किंवा पिस्तुलाचा परवाना काढलेल्यांच्या घरीही अनेकदा हेच चालतं. ‘परवाना आहे की’ एवढं उत्तर सगळ्यांना पुरतं.

कायद्याला ते पुरत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना एका व्यक्तीला मिळतो. त्याच घरातला दुसरा माणूस ती बंदूक स्वतःच्या वापरासाठी घेऊन निघाला, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो. २०१६ चे नवे शस्त्र नियम आणि २०१९ ची कायदादुरुस्ती यांनी बऱ्याच पळवाटा बुजवल्या. तरी काही उरल्यात, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत आहेत.

परवाना कोणाला, कशासाठी?

कोल्हापूर जिल्ह्यात शस्त्र परवाना जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी देतात. त्याआधी पोलिसांचा अहवाल लागतो. अर्जदाराचं वय २१ पूर्ण असावं लागतं. पिकाच्या राखणीसाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्यांना वाटलं, तर काडतुसाची बंदूक मिळू शकते. रिव्हॉल्वर-पिस्तुलाचं तसं नाही. तिथं ‘मला गरज आहे’ याचं सबळ कारण द्यावं लागतं आणि ते अधिकाऱ्यांना पटावं लागतं. पिस्तूल कंबरेला सहज लपतं, म्हणून ही जास्तीची चाळण.

बुजलेली पहिली पळवाट : बंदुकांची संख्या

पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. १४ डिसेंबर २०१९ पासून ही मर्यादा दोनवर आली. तिसरी बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची होती. ‘ही वाडवडिलांची आहे, ती मोजू नका’ ही सबबही संपली. वारसाहक्कानं आलेली बंदूकसुद्धा दोनच्या मर्यादेतच धरली जाते. नेमबाज खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

दुसरी : वरातीतला बार

लग्नाची वरात, मिरवणूक, यात्रा, विजयी उमेदवाराचा गुलाल. अशा वेळी हवेत बार काढणं ही कुणाला हौस वाटते. पण वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच. २०१९ पासून अशा गोळीबाराला कायद्यात स्वतंत्र कलम आहे. त्यानं कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरीही. कुणाला गोळी लागली तर दुखापतीचा किंवा खुनाचा गुन्हा वेगळा.

तिसरी : दुसऱ्या जिल्ह्यातला परवाना

पूर्वी परवान्याची नोंद त्या त्या जिल्ह्याच्या रजिस्टरात असायची. एका जिल्ह्यातला परवाना खरा की खोटा, हे दुसऱ्या जिल्ह्याला लगेच कळत नव्हतं. आता प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये होते आणि त्याला युनिक नंबर, म्हणजे यूआयएन मिळतो. हा नंबर नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही. बंदुकीसह सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसरीकडं राहायला गेलात, तर ३० दिवसांत दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

अजून उघडी : बंदूक दुसऱ्याच्या हातात

८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह सुरू असतानाच गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकऱ्यानं नंतर स्वतःवरही गोळी झाडून घेतली. ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. परवाना उत्तर प्रदेशातला होता आणि त्याची मुंबई पोलिसांकडं नोंद नव्हती, असं तपासात पुढं आलं. कागदावर पिस्तूल कायदेशीर होतं, पण ते परवाना नसलेल्या माणसाच्या हाती पोहोचलं.

कायद्यात इथं एक विचित्र तफावत आहे. परवाना नसताना बंदूक बाळगणाऱ्याला दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड. पण समोरच्याला परवाना आहे की नाही हे न पाहता बंदूक देणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने. परवान्याची अट मोडल्याची शिक्षाही तेवढीच. २०१९ च्या दुरुस्तीनं बाकीच्या अनेक शिक्षा वाढवल्या, ही पळवाट मात्र बुजवली नाही. म्हणजे बापाची बंदूक घेऊन राखणीला गेलेल्या पोरावर मोठा गुन्हा आणि देणाऱ्यावर छोटा. परवाना रद्द होण्याची टांगती तलवार असते, ती वेगळी.

मग दुसऱ्यानं बंदुकीला हातच लावायचा नाही का? सूट आहे, पण फार मोजकी. बंदूक दुरुस्तीला न्यायची, परवान्याच्या नूतनीकरणासाठी न्यायची किंवा परवानाधारकालाच वापरायला नेऊन द्यायची, एवढ्यापुरती ती दुसऱ्याला नेता येते. तीही परवानाधारक सोबत असेल तर, किंवा त्यानं लेखी दिलं असेल तर. रात्रभर माळ्यावर बसून राखण करणं यात बसत नाही.

अजून उघडी : परवानाधारक वारल्यावर

वडील गेले, दिवसकार्य झालं, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली. बंदुकीचं काय? ती बऱ्याचदा तशीच खुंटीला राहते. पण परवानाधारकाबरोबर परवानाही संपतो. कायदा म्हणतो, विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा आणि वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा. यात मरणाची वाट बघायचीही गरज नाही. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं असेल, तर हयातीतच वारसाला परवाना देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. ज्या घरात आजोबा थकलेत आणि नातू राखणीला जातो, त्यांच्यासाठी हाच सरळ रस्ता आहे.

अजून उघडी : कपाटाची चावी

२०१६ पासून परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. त्याआधी परवाना निघालेल्या घरांत असं प्रशिक्षण झालं असेलच असं नाही. शिवाय हमी कागदावर असते, चावी घरात. भरलेली बंदूक दाराआड, काडतुसं देवळीत, पिस्तूल उशाखाली असेल, तर पोराटोरांच्या हाती ते लागायला एक दुपार पुरते.

एअरगन हे खेळणं नाही

०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळं पोरं ती बिनधास्त मागवतात. पण तिचा छर्रा डोळा फोडू शकतो, आणि तिनं रानातले पक्षी मारणं ही वन्यजीव कायद्यानं शिकारच आहे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळं जिल्ह्यातल्या पोरांना नेमबाजीची ओढ लागलीय, ही चांगली गोष्ट आहे. पण नेमबाजी रेंजवर, प्रशिक्षकासमोरच शिकावी.

गावठी कट्टा : ही पळवाट नव्हे, सरळ गुन्हा

पिस्तुलानं काय होतं, हे कोल्हापूरला सांगायला नको. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतताना ज्येष्ठ नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. बेकायदा शस्त्र बनवणं-विकणं याला २०१९ पासून किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कट्टा नुसता जवळ बाळगला तरी दोन ते पाच वर्षं. ‘मित्राचा आहे, ठेवायला दिलाय’ म्हणून सुटका होत नाही. हातात पिस्तूल घेतलेला फोटो स्टेटसला ठेवला, तर पोलिसांच्या हाती आयता धागा मिळतो.

अभयारण्याजवळच्या गावांसाठी

अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन विभागाकडंही आपली नोंद करायची असते. तिथं नवा परवाना हवा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. राधानगरी अभयारण्याभोवतीच्या गावांना हे लागू आहे. आणखी एक महत्त्वाचं : शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. गवा आणि हत्ती यांना कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. रानडुकरासाठीही वन विभागाची परवानगी लागते. नुकसान झालं तर वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई त्यातूनच मिळते.

आज घरी एवढं तपासा

– परवान्यावर यूआयएन आहे का? मुदत कधी संपते? नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच करा.

– परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच ताब्यात आहे का? नसेल तर वारसाच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा.

– बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि चावी एकाकडंच.

– बंदूक चोरीला गेली किंवा हरवली, तर लगेच पोलीस ठाण्यात कळवा. उशीर केला तर संशय तुमच्यावरच येतो.

– निवडणुकीच्या काळात किंवा एरवी बंदूक जमा केली, तर पावती घ्या आणि जपून ठेवा.

मुंबईत, दिल्लीत कायदा बदलायला वेळ लागेल. दाराआडची बंदूक कुलपात जायला आजची संध्याकाळ पुरेशी आहे.