थंडीच्या दिवसांत शेततळ्यावर गळ



कारखान्याचे धुराडे पेटले की आपल्याकडे थंडी सुरू होते. गळीत हंगामात ही गळाची गोष्ट कसली काढली, असे कोणी म्हणेल. पण तोड आपल्या शिवारात येईपर्यंत वाट बघण्यावाचून हाती काय असते? शिवाय २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली, त्यानंतर शिवारात तळी वाढली आणि उसाच्या पाण्यासाठी घेतलेल्या तळ्यात काहींनी कटला, रोहू, मृगळाची बोटुकलीही सोडली. पावसाळ्यात हीच मासळी गळाला पटापट लागते. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिवसभर बसले तरी बूच हालत नाही, आणि मग मासे चोरीला गेले म्हणून शेजाऱ्यावर संशय येतो. आधी मासा समजून घ्यावा, चोराचे नंतर बघू.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याचे अंगही तितकेच गार होते. आपले हे मासे साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात भरपूर खातात. पाणी २० अंशांच्या खाली गेले की हालचाल मंदावते, पोटातले पचायला वेळ लागतो आणि भूकच लागत नाही. मासा तळ्यातच असतो, फक्त खात नसतो.

म्हणून पहाटे उठून जाण्यात अर्थ नाही. आम्ही स्वतः एकदा घोंगडी पांघरून सहा वाजता जाऊन बसलो, अकरापर्यंत चहाचे दोन थर्मास संपले आणि मासा एकही नाही. जेवून दुपारी परत गेलो, तेव्हा कुठे दोन मिळाले. दुपारी बारा ते चार हीच थंडीतली वेळ. वरचे फूट-दोन फूट पाणी तेवढ्यात जरा कोमट होते.

जागाही बघून घ्यावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या बांधाची सावली त्याच्या पायथ्याच्या पाण्यावर पडते आणि ते गारच राहते. उत्तरेच्या काठाला दिवसभर ऊन लागते, तिथे बसावे. ऊन तोंडावर येते खरे, पण आपली सावली मागे पडते, पाण्यावर नाही. वारा सुटला असेल तर तो वरचे कोमट पाणी ज्या काठाला ढकलतो तो काठ धरावा. काठावर पाय आपटत फिरू नये, मासळीला हादरा लगेच कळतो.

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यांची तोंडे बघितली तरी हे कळते. कटल्याचे तोंड वर वळलेले, मृगळाचे खाली. तळ्यात सायप्रिनस असेल तर थंडीत पहिला भरवसा त्याचाच, त्याला गारवा जास्त सोसतो. त्याच्यासाठी गांडूळ लावून गळ तळाला टेकवावा. रोहूला शेंगदाणा पेंड मळून घेतलेली कणीक, पण गोळी हरभऱ्याएवढीच. गळही बारीक घ्यावा. थंडीत मासा ओढत नाही, नुसता चाखून बघतो, त्यामुळे जड बुचाला काही समजत नाही. मोराच्या पिसाचा दांडा बांधला तर तो जरासा कलतो, तेवढीच खूण. हिसका देऊ नये, मनगटाने उचलावे.

आता पैशाची गोष्ट. गळाला मासा येत नाही, म्हणजे तो टाकलेले खाद्यही खात नाही. तरी पुष्कळ जण पेंड आणि कोंडा पावसाळ्याच्याच मापाने टाकत राहतात. ते तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते, आणि एका पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. म्हणून आठवड्यातून एकदा गळ टाकून बघावा आणि त्या अंदाजाने खाद्य कमी करावे. हातात आलेला मासा उलटासुलटा करून बघावा. अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या तर थंडीतला तो रोग बहुधा आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला विचारून चुन्याचे माप ठरवावे, मनाने टाकू नये.

आणखी एक, हे पोराबाळांच्या घरांनी नीट वाचावे. प्लॅस्टिकच्या कागदाचे तळे शेवाळाने साबणासारखे निसरडे होते. पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उताराला हात लावून वर येता येत नाही. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात. गळ टाकायला एकट्याने जाऊ नये, कागदावर उतरू नये, लांब काठी घेऊन बांधावरच बसावे. काठावर पक्की मेख ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवावा, दोन बाजूंना दोन. शेजारी हवा भरलेली ट्यूब असावी. कुंपणाच्या फाटकाला कुलूप, आणि किल्ली घरात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा खुंटीवर.