वरच्याचा कित्ता

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या गावांची एक्सेल शीट तुमच्यासमोर उघडी आहे. पहिल्या कॉलममध्ये तालुका, दुसऱ्यात गाव. 'औंढा नागनाथ' एकदाच लिहिलंय. त्याच्या शेजारून खाली जवळा बाजार, शिरड शहापूर, पिंपळदरी, येहळेगाव सोळंके अशी रांग लागलीय आणि तालुक्याची जागा कोरी. मग मध्येच 'कळमनुरी' येतं. त्याच्या रांगेत आखाडा बाळापूर, डोंगरकडा, येहळेगाव तुकाराम, आणि डावीकडे पुन्हा कोरं. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. नजर आपोआप वर चढते, तालुका घेऊन खाली येते. वहीत अशा जागी आपण —॥— अशी खूण करतो, आणि घाईत ती राहून गेली तरी कुणी विचारत नाही.

एक्सेलचं मात्र तिथेच अडतं. औंढ्याचा फिल्टर लावा, एकच ओळ हाती लागते. बाकीची गावं औंढ्याची आहेत हे त्याला कळायला काही मार्गच नाही. गावाच्या नावाने सॉर्ट करा, दोन्ही येहळेगावं एकाखाली एक येऊन बसतात आणि कुठलं औंढ्याचं, कुठलं कळमनुरीचं हे शीटला सांगता येत नाही. आपण कोऱ्या जागेत 'वरच्याप्रमाणे' वाचतो, त्याला ती नुसती कोरी दिसते.

पाच तालुक्यांचं काम हातानेही उरकेल. पण तालुक्याऐवजी गावाचं नाव एकदा आणि खाली शेतकऱ्यांची नावं, अशी यादी घ्या. जिल्ह्यात सातशेच्या वर गावं. कुठे खाली चार नावं, कुठे चाळीस. प्रत्येक गाव पकडून माऊसने ओढत बसलं तर दिवस जातो आणि कुठेतरी बोट घसरून एका गावाचं नाव दुसऱ्याच्या माणसांवर पडतं. हे काम कीबोर्डवरून काही सेकंदांत होतं. कसं होतं, हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी ते तीनदा पुसून पुन्हा करून पाहिलं.

आधी गावाचा कॉलम निवडायचा. मग एफ५ दाबायचं, 'गो टू'ची खिडकी उघडते. त्यात 'स्पेशल', त्यात 'ब्लँक्स', मग एंटर. निवड फक्त कोऱ्या सेलांवर येते, भरलेले सेल बाजूला राहतात. शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, पण शोध तुमचा मजकूर जिथे संपतो तिथे थांबतो, त्यामुळे खालच्या लाखो रिकाम्या ओळींची काळजी नको. आता माऊसला अजिबात हात लावायचा नाही. बरोबरचं चिन्ह टाइप करायचं, वरच्या बाणाची की एकदा दाबायची, आणि कंट्रोल धरून एंटर. वरपासून खालपर्यंत सगळी गावं आपापल्या जागी!

इथे जरा थांबून बघू. आपण एकच सूत्र टाइप केलं. पहिला कोरा सेल ए३ असेल, तर त्यात '=ए२' आलं. हेच जसंच्या तसं सगळीकडे गेलं असतं, तर अख्ख्या यादीत पहिल्याच गावाचं नाव पडायला हवं होतं. तसं होत नाही. ए४ मध्ये '=ए३' असतं, ए९० मध्ये '=ए८९'. कारण या सूत्रात पत्ता नसतो, दिशा असते. दिसायला 'ए२' दिसतं, पण त्याचा अर्थ 'माझ्या डोक्यावरचं घर' एवढाच. हजार सेलांना एकच आज्ञा मिळते आणि प्रत्येक जण ती आपल्या जागेवरून पाळतो. प्रत्येक सेल वरच्याचा कित्ता गिरवतो, आणि तो वरचा त्याच्या वरच्याचा.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ सालच्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्राममध्येही सूत्राची नक्कल करता यायची, पण तो प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारायचा: हा आहे तसाच ठेवू, की जागेप्रमाणे बदलू? आजचं एक्सेल विचारत नाही, बदलायचंच असं धरून चालतं. नको असेल तिथे आपण डॉलरचं चिन्ह लावतो.

या साखळीची ताकद एकदा करून पाहण्यासारखी आहे. परभणीतून हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ला. याच गावांच्या त्याआधीच्या एखाद्या यादीत जिल्ह्याच्या कॉलममध्ये सगळ्यात वर 'परभणी' असेल आणि खालचे सेल असे भरलेले असतील, तर वरच्या एका सेलात 'हिंगोली' लिहा. तळाच्या शेवटच्या गावापर्यंत जिल्हा बदलतो. शेवटच्या सेलाला जिल्ह्याचं नाव मुळात माहीतच नसतं, तो फक्त वर बघत असतो.

म्हणूनच याच अवस्थेत सॉर्ट केलं तर घात होतो. ओळी हलतात, डोक्यावरचं घर बदलतं, आणि औंढ्याचं गाव बघता बघता सेनगाव तालुक्यात जातं. तेव्हा भरून झालं की पूर्ण कॉलम पुन्हा निवडून कंट्रोल-सी, मग कंट्रोल-ऑल्ट-व्ही, त्यात व्ही आणि एंटर. सूत्रं जातात, नावं उरतात. ही पायरी कधीही गाळू नका. एखादा सेल कोरा दिसूनही भरला गेला नाही, तर बहुधा त्यात कुणीतरी स्पेसबार दाबून ठेवलेला असतो. आपल्याला तो कोरा, एक्सेलच्या लेखी भरलेला. भरलेल्या जागी नावाऐवजी '=ए२' हीच अक्षरं दिसली, तर त्या कॉलमचं फॉरमॅट 'टेक्स्ट' आहे. ती अक्षरं पुसून, फॉरमॅट 'जनरल' करून पुन्हा भरा.

सगळ्यात मोठी चूक मात्र कीबोर्डवर होत नाही. हळदीच्या भावाची रोजची नोंद घ्या. लिलाव बंद होता त्या दिवशी भावाची जागा कोरी असते. तिथे हीच युक्ती चालवली, तर कालचा भाव आजच्या तारखेला लागतो, महिन्याची सरासरी बदलते, आणि तो आकडा खोटा आहे हे नंतर कुणालाही ओळखता येत नाही. पावसाच्या नोंदीचंही तसंच. तालुक्याची कोरी जागा 'वरच्याप्रमाणे' म्हणते, भावाची कोरी जागा 'नोंद नाही' म्हणते, आणि एक्सेलला दोन्ही सारख्याच दिसतात. एफ५ दाबण्याआधी तो कॉलम एकदा डोळ्यांनी वाचा. नाव असेल तर भरा. भाव किंवा पाऊस असेल, तर जागा कोरीच राहू द्या.