लहान पीसी जोडताय? आधी मे महिन्याचं गणित करा

दुकानात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. "सर, टेबलावर मावेल असा छोटा डबा पाहिजे. फोर के एडिटिंग झालं पाहिजे आणि रात्री गेम पण चालली पाहिजे. ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?"

मी लगेच कार्डचं नाव सांगत नाही. आधी दोन गोष्टी विचारतो. मशीन ठेवणार कुठे? आणि तुमचं सगळ्यात जास्त काम कोणत्या महिन्यात येतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे बहुतेक एकच असतं: लग्नसराई, म्हणजे एप्रिल-मे. आणि त्याच दिवसांत जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४३-४५ च्या घरात असतो. म्हणजे मशीनकडून जेव्हा सगळ्यात जास्त काम घ्यायचं असतं, तेव्हाच त्याला श्वास घ्यायला हवा नसते. पुण्या-मुंबईचे, नाहीतर परदेशातले व्हिडिओ बघून पार्टची यादी बनवली की नेमकी हीच गोष्ट सुटते. त्यांची टेस्टिंग एसीच्या खोलीत झालेली असते.

थोडं गणित करू. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्यावर चढलेली वाढ. समजा खोली २५ अंशांवर आहे आणि फुल लोडवर प्रोसेसर ७५ दाखवतो. म्हणजे वाढ ५० ची. कूलर तोच, पंखे तेच, काम तेच, तर ही वाढ साधारण तेवढीच राहते. आता पत्र्याखालच्या गाळ्यात दुपारी ४२ अंश धरा. ४२ आणि ५० मिळून ९२. रायझन ७००० मालिकेची मर्यादा ९५ आहे, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची १००. डबा लहान असेल तर आतली गरम हवा लवकर बाहेर पडत नाही, अजून पाच-सात अंश तिथेच चढतात. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. मशीन बंद पडत नाही, जळत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. फक्त एक्सपोर्ट लांबत जातो आणि गेम मध्येच अडखळते.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझं पहिलं छोटं मशीन मी डिसेंबरात जोडलं आणि मस्त चाललं. मे महिन्यात रिसेप्शनला दाखवायचा हायलाइट एक्सपोर्टला लावला, तर पाऊण तासाचं काम दीड तासावर गेलं. शेवटी डब्याची बाजू काढून टेबलफॅन लावला. पाहुणे जेवून निघाले तेव्हा व्हिडिओ तयार झाला. चूक माझीच होती, डबा मी दिसण्यावर घेतला होता.

तरी छोटं मशीन घ्यायचं कशाला? कारण आपल्या भागात कामच फिरतं आहे. धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. फैजा अहमद खान यांचा २००८ चा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट बघा, क्रेन म्हणून बैलगाडी वापरलेली दिसेल. आज अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर किती चालतात ते तुम्हाला सांगायला नको, 'हाई झुमका वाली पोर' तर मराठवाड्यातल्या वरातीतही वाजतं. गाणी, लग्नं, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीचे रील, या सगळ्यात आता "त्याच दिवशी एडिट करून द्या" अशी मागणी येते. लॉनवर मशीन घेऊन जाऊन संध्याकाळी हायलाइट दाखवणाऱ्याला दर जास्त मिळतो. असं काम असेल तर छोट्या डब्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

पण काम असेल तर. नुसतं छान दिसतं म्हणून नको.

आता आकारांचं बघू. मदरबोर्डचे तीन आकार लक्षात ठेवा. एटीएक्स साधारण ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ पर्यंत, आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मिनी आयटीएक्सवर रॅमचे दोनच स्लॉट आणि कार्डसाठी एकच जागा असते. डबा खूपच लहान असेल तर नेहमीचा पॉवर सप्लाय बसत नाही, एसएफएक्स नावाचा छोटा घ्यावा लागतो. बोर्ड महाग, सप्लाय महाग, डबा महाग. तेवढ्याच ताकदीच्या मायक्रो एटीएक्स मशीनपेक्षा सहज पंधरा हजारांच्या आसपास फरक पडतो.

त्याहून मोठा खर्च बिलात दिसत नाही. १० मे ला रात्री पॉवर सप्लाय गेला तर काय कराल? साधा एटीएक्स सप्लाय दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावात गोलाणी मार्केटमध्ये हातात मिळेल. एसएफएक्स बहुतेक वेळा मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. तीन दिवस गेले. लग्नसराईतले तीन दिवस म्हणजे किती रुपये, ते तुमच्या वहीत बघा. म्हणून माझं मत सरळ आहे: महिन्यातून चार वेळा तरी मशीन उचलून न्यायचं असेल तर मिनी आयटीएक्स. नाहीतर पुढून जाळी असलेला लहान मायक्रो एटीएक्स डबा घ्या. तो गाडीच्या मागच्या सीटवर आरामात बसतो.

डबा ठरला की त्याच्या माहितीपत्रकातले तीन आकडे वहीत लिहून घ्या: कार्डची जास्तीत जास्त लांबी, कार्डची जाडी आणि प्रोसेसर कूलरची उंची. बाकी सगळे पार्ट या आकड्यांच्या आत. एकाच नावाचं कार्ड दोन पंख्यांत छोटं येतं आणि तीन पंख्यांत हातभर लांब येतं, म्हणून नुसतं मॉडेलचं नाव सांगून ऑर्डर देऊ नका. समोर काच असलेले डबे आपल्याकडे टाळाच. काच दिसते सुंदर, पण हवा येणार कुठून?

आता ग्राफिक्स कार्ड. इथे सगळे फ्रेम मोजतात, तुम्ही वॅट मोजा, कारण खाल्लेला प्रत्येक वॅट त्या छोट्या डब्यात उष्णता बनून बाहेर येतो. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड, आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं, ५०६० हे १४५ वॅटचं. ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी मिळते, ४०६० आणि ५०६० मध्ये ८ जीबी. फुल एचडी स्क्रीनवर व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक, जीटीए ५ खेळायला आणि लग्नाचं एडिटिंग करायला छोट्या डब्यात मी ४०६० किंवा ५०६० चं दोन पंख्यांचं मॉडेल बसवेन. जड इफेक्ट आणि कलर ग्रेडिंगचं काम रोजचं असेल तर ८ जीबी कमी पडू शकतात, मग १६ जीबीचं ५०६० टीआय बघा. ते १८० वॅटचं आहे, म्हणजे डबाही थोडा मोठा घ्या.

एडिटिंग करणाऱ्यांनी प्रोसेसर घेताना एका अक्षराकडे नीट बघा. इंटेलचा आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ. एफवाला थोडा स्वस्त, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. फक्त गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही. पण आजकालचे कॅमेरे एच.२६५ मध्ये दहा बिट ४:२:२ रेकॉर्ड करतात, म्हणजे रंगाची माहिती जास्त. ही फाइल टाइमलाइनवर सुरळीत चालवायला इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगभूत ग्राफिक्स मदत करतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय ५० मालिकेत आली, ४०६० मध्ये नाही. म्हणजे हजार-दीड हजार वाचवायला एफ घेतला आणि सोबत ४०६० लावलं, तर नेमक्या कामाच्या फाइली अडकतात. रायझन घ्यायचा असेल तर ६५ वॅटचा घ्या, उदाहरणार्थ ७६००. नावापुढे एक्स लागलेला ७६००एक्स १०५ वॅटचा आहे. आणि यातलं काहीच परवडत नसेल तर प्रॉक्सी बनवून एडिट करा, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रती. फुकट आहे, फक्त सवय लागते.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन पट्ट्या. दोनच स्लॉट असताना ८-८ घेतल्या तर पुढे वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतात. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे भडकले ते तुम्ही पाहिलंच असेल, त्यामुळे जुनं कोटेशन घेऊन दुकानात जाऊ नका.

स्टोरेजमध्ये बरेच जण फसतात. १०० मेगाबिट प्रति सेकंदाने रेकॉर्ड केलेला एक तास म्हणजे ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास, झाले ५४० जीबी. एका लग्नात १ टीबीची एसएसडी अर्धी भरली! आत २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी ठेवा, चालू कामापुरती. काम दिलं की माल बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तोही दोन प्रतींत. लहान डब्यात मोठी हार्ड डिस्क कोंबायच्या भानगडीत पडू नका, ती हवेची वाट अडवते. काही मिनी आयटीएक्स बोर्डांवर दुसरा एसएसडी स्लॉट बोर्डच्या मागे असतो. तिथे हवा लागत नाही, म्हणून रोजची एसएसडी पुढच्याच स्लॉटमध्ये लावा.

आता पुन्हा उष्णतेकडे, कारण यात फुकटात बरंच काही मिळतं. रायझनमध्ये इको मोड असतो, इंटेलच्या बायोसमध्ये पॉवर लिमिट कमी करता येते, आणि कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणता येते. वेग थोडासाच कमी होतो, पण उष्णता बरीच उतरते. एप्रिल लागला की मी माझ्या मशीनला ही सेटिंग करतो आणि पावसाळ्यात काढतो. आत येणारे पंखे बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा एकाने जास्त ठेवा आणि त्यांना जाळी लावा, म्हणजे धूळ फटीतून आत ओढली जात नाही. जिनिंगजवळ दुकान असेल तर कापसाचा तंतू जाळीवर नमद्यासारखा बसतो. सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी ब्रश मारा.

आणि पाण्याच्या कूलरसमोर मशीन ठेवू नका, हे हात जोडून सांगतो. आपल्याला थंड वाटतं, पण त्या हवेत ओल असते, कधी बारीक थेंबही येतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार सोबत येतो. पांढरे डाग पडलेले बोर्ड माझ्याकडे दर जूनमध्ये येतात. कूलरची हवा खोलीत खेळू द्या, थेट डब्यावर नको.

वीज जाते-येते हे गृहीत धरा. वर सांगितलेलं मशीन स्क्रीनसकट फुल लोडला ३०० वॅटच्या आसपास जाईल. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटच देतो, म्हणजे काठावर. १००० व्हीएचा घ्या. तो तासभर चालणार नाही, फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता आहे. पॉवर सप्लाय ५५० ते ६५० वॅटचा पुरतो, पण नाव नसलेला स्वस्त सप्लाय नको. लॉनवर जनरेटर असतो, तिथे तर नकोच.

मशीन घेऊन फिरणार असाल तर जड कार्ड स्लॉटला लटकत ठेवून धुळे-जळगाव प्रवास करू नका. नव्वदेक किलोमीटरच्या धक्क्यांनी स्लॉट सैल होतो. कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा, नाहीतर खाली फोमचा तुकडा घट्ट बसवा.

पैशाचं आता. समजा मशीन ९०,००० ला पडलं आणि एका लग्नात त्याच दिवशी एडिट देण्याचे ३,००० जास्त मिळतात. तीस लग्नांत मशीन निघालं. तुमच्याकडे सीझनला किती लग्नं येतात, ते तुम्हीच लिहा. दहा येत असतील तर तीन सीझन लागतील, आणि तोवर वॉरंटीही संपत आलेली असेल. मग आधी ५५-६० हजारांचं साधं मशीन घ्या, कार्ड नंतर लावा.

कर्ज काढणार असाल तर मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंत शिशु आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर गट आहे. बँक कोटेशन मागते, ते पार्टवार आणि जीएसटीसह घ्या. पार्टवर १८ टक्के जीएसटी असतो. नियमित नोंदणी असेल तर तो धंद्याच्या करात वळता होतो, कंपोझिशनवाल्याला ही सोय नाही. आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. हे सगळं बिल फर्मच्या नावाने असेल तरच, म्हणून "बिलाशिवाय दोन हजार कमी" हा सौदा तुमच्यासाठी तोट्याचा आहे. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच कामाला येतो.

पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा, डबा पूर्ण बंद करून अर्धा तास फुल लोडवर चालवून दाखव. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा. खोलीचं तापमान आणि मशीनचं तापमान दोन्ही लिहा, वजा करा, आणि आलेल्या वाढीत ४२ मिळवा. बेरीज ९० च्या वर गेली तर तिथेच डबा नाहीतर कूलर बदलून मागा.