माळ्यावरचा व्हिडिओ गेम पुन्हा सुरू करताय?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एक जुनं खोकं हमखास खाली येतं. आत वायरींची गुंतवळ, दोन रिमोट, पिवळ्या पडलेल्या चार कॅसेट आणि धुळीने माखलेला तो व्हिडिओ गेम. तुमच्या तोंडून नकळत निघतं, ‘‘अरे, हा अजून आहे?’’ मुलं भोवती जमतात. ‘‘आई, यात मारिओ आहे? लाव ना!’’ आणि तुम्ही ड्रॉवरमध्ये हाताला लागेल तो ॲडॅप्टर काढून जोडायला निघता.

थांबा. इतकी वर्षं जपलेली वस्तू कायमची जाते ती बहुतेक वेळा याच क्षणी. चुकीच्या व्होल्टेजचा किंवा उलट्या पोलॅरिटीचा ॲडॅप्टर लावला, तर आतली मुख्य चिप एका क्षणात जळू शकते. मग ती दुरुस्त होत नाही. बाकीचे बहुतेक बिघाड मात्र थोडा संयम आणि साध्या अवजारांनी घरीच दूर करता येतात.

हे यंत्र आहे तरी काय?

निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला होता. यात कामापुरती मेमरी होती अवघी २ किलोबाइट. पुढे जगभर या यंत्राच्या नकला निघाल्या. ९० च्या दशकात आपल्याकडे वाढदिवसाला किंवा पास झाल्याबद्दल मिळालेले व्हिडिओ गेम बहुतांशी याच कुळातले. कॅसेटवर हजारो गेम असल्याचा दावा असायचा आणि तेच दहा-वीस गेम पुन्हा पुन्हा यायचे, आठवतं?

या नकलांमध्ये खर्च वाचवण्यासाठी अनेक चिपांचं काम एकाच चिपमध्ये कोंबलेलं असे. बोर्डावर डांबरासारखा काळा गोल ठिपका दिसतो ना, त्याच्याखाली ती असते. हा ठिपका म्हणजे यंत्राचा जीव. तो शाबूत असेल तर बाकी सगळं जुळवता येतं.

सुरुवात पॉवरपासून

सर्वप्रथम यंत्राच्या तळाशी किंवा मागे काय छापलं आहे ते वाचा. किती व्होल्ट, एसी की डीसी, आणि पिनच्या मध्यभागी प्लस आहे की मायनस, हे तिथे दिलेलं असतं. ॲडॅप्टर त्याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. निन्टेंडोच्याच दोन यंत्रांत फरक आहे. जपानी फॅमिकॉमला डीसी लागतो आणि मध्यभागी मायनस, तर अमेरिकेतल्या एनईएसबरोबर चक्क एसी देणारा ॲडॅप्टर येत असे. म्हणून ‘पिन बसते म्हणजे चालेल’ असं समजू नका.

आता स्क्रू काढून झाकण उघडा. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायर सोडवण्याआधी आणखी एक. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.

बोर्डावर तीन पायांची, मागे धातूचा पत्रा असलेली एक आयसी दिसेल. तिच्यावर बहुधा ‘७८०५’ असं लिहिलेलं असतं. ॲडॅप्टरकडून आलेला डीसी पुरवठा बरोबर ५ व्होल्टवर आणणं हे तिचं काम. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी तार मधल्या पायाला लावा आणि लाल तार आधी डाव्या, मग उजव्या पायाला. आयसीवरचं छापील नाव तुमच्याकडे असेल तर डावीकडे येणारा पुरवठा आणि उजवीकडे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. तारेच्या टोकाने दोन पाय एकमेकांना जोडले जाणार नाहीत, एवढी काळजी घ्या.

डावीकडेच काही नसेल तर दोष ॲडॅप्टर, सॉकेट, स्विच किंवा त्यांच्यामधल्या रेषेत आहे. डावीकडे ९ व्होल्ट आणि उजवीकडे शून्य असेल तर आयसी गेली आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. आयसी हात लावताच चटका देत असेल तर लगेच पुरवठा बंद करा. ती शॉर्टचीच खूण समजा.

बोर्ड नीट बघा

मल्टिमीटरइतकंच उपयोगी अवजार म्हणजे चांगला उजेड आणि एक भिंग. तीन गोष्टी शोधा.

पहिली, ड्राय सोल्डर. पॉवर आणि टीव्हीच्या वायरी लहानपणी आपण किती खेचल्या असतील! त्यामुळे सॉकेटच्या पायांभोवतीच्या सोल्डरला बारीक गोल चीर पडते. यंत्र हलवलं की चालू आणि सोडलं की बंद, असं होत असेल तर आधी इथेच बघा.

दुसरी, फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर. डोकं वर आलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असेल तर तो बदलायला हवा.

तिसरी, हिरवा थर. तांब्याच्या रेषांवर, म्हणजेच ट्रॅकवर, तो धरतो. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता, कुठेही दमट हवेत राहिलेल्या बोर्डावर हे आढळतं. त्यात झुरळांची घाण पडली असेल तर ट्रॅक पार खाल्ला जातो.

तुटलेला ट्रॅक जोडताना

पुरवठा काढा आणि काही मिनिटं थांबा, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेल. जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड हळुवार घासा आणि पूर्ण वाळू द्या. नुसत्या साफसफाईनेही काही यंत्रं जिवंत होतात.

मग मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून संशयित ट्रॅकची दोन्ही टोकं तपासा. आवाज आला नाही तर ट्रॅक तुटला आहे. चीर छोटी असेल तर दोन्ही बाजूंचा हिरवा लेप ब्लेडने अलगद खरवडा. तांबं चकाकलं की त्यावर थोडा फ्लक्स आणि सोल्डर द्या आणि पातळ तारेचा तुकडा वरून जोडा. ट्रॅक बराच खाल्ला गेला असेल तर तो जिथून निघतो आणि जिथे पोहोचतो, त्या दोन पायांमध्ये इन्सुलेशन असलेल्या बारीक वायरचा जंपर मारा. नवख्या हाताला हेच सोपं जातं.

२५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरते. टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. स्वस्त यंत्रांचे तपकिरी बोर्ड उष्णता सहन करत नाहीत आणि त्यांचं तांबं पापुद्र्यासारखं उचललं जातं. पहिला हात मात्र या बोर्डावर चालवू नका. बिघडलेल्या रेडिओच्या बोर्डावर आधी दहा-वीस जोड करून बघा.

कपॅसिटर बदलताना पट्टी असलेली बाजू मायनस असते हे ध्यानात ठेवा. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त चालेल, कमी नको.

हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत, दिल्लीत लाजपत राय मार्केटमध्ये, बंगळुरूत एसपी रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर सहज मिळतात. जुना भाग सोबत न्या आणि दुकानदाराला दाखवा.

कॅसेटवर फुंकर मारू नका

ही सवय आपण सगळ्यांनी जोपासली आणि ती चुकीचीच होती. गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण पिना नव्याने टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट त्या पिना हळूहळू गंजतात. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घ्या आणि कॅसेटच्या पिना पुसा. काडी काळी निघाली तर दुसरी घ्या. कॅसेट लावताना आणि काढताना यंत्र बंदच हवं.

मुलं सोबत असतील तर

स्क्रू मोजणं, फोटो काढणं, बीप ऐकणं ही कामं मुलांना जरूर द्या. सोल्डरिंग मात्र स्वतःच करा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा, टेबलावर खायचे पदार्थ ठेवू नका आणि शेवटी साबणाने हात धुवा. ॲडॅप्टर कधीही उघडू नका, कारण आत घरातली २३० व्होल्टची वीज असते. जुना डबा टीव्हीही उघडू नका. बंद केल्यावरही त्यात घातक व्होल्टेज राहू शकतं.

आता चालू करा

सगळं जोडल्यावर कॅसेट न लावता आधी ५ व्होल्ट तपासा. मग बंद करा, कॅसेट लावा आणि टीव्हीच्या एव्ही सॉकेटला पिवळी वायर जोडून पुन्हा सुरू करा.

५ व्होल्ट बरोबर मिळत आहेत, सगळे जोड पक्के आहेत, दुसरी कॅसेटही लावून पाहिली, तरी पडदा काळाच? तर बहुधा तो काळा ठिपकाच गेला आहे. तिथे हट्ट करू नका. सॉकेट, स्विच आणि रिमोट दुसऱ्या यंत्रासाठी काढून ठेवा आणि उरलेलं कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

आणि चित्र आलंच, तर एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. बंदुकीने बदकं मारायचा गेम नव्या एलईडी टीव्हीवर चालणार नाही. ती बंदूक जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावरचा प्रकाश ओळखायची. बाकी मारिओ आहे, काँट्रा आहे. दोन रिमोट आहेत. एक मुलांच्या हातात द्या, आणि दुसऱ्यासाठी त्या भावाला किंवा बहिणीला फोन करा, जिच्याशी याच रिमोटवरून तुमची रोज भांडणं व्हायची.