मोटारीचा भाता : सदा फिरता की हवा तेव्हा?

लोहाराच्या भट्टीपाशी तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. भाता चालला की निखारे फुलतात. भाता थांबला की त्यांच्यावर राख चढते. जितकी हवा, तितका जाळ. मोटारीच्या इंजिनाचा कारभारही याहून फार वेगळा नाही. पेट्रोल जास्त ओतणे सोपे. पण ते जाळायला हवा कोठून आणायची, हा खरा प्रश्न.

दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला सुमारे शंभर लिटर हवा ओढते. ही हवा ते आपल्या आपण, श्वास घ्यावा तशी घेते. तिथे एखादा पंप लावून हवा दाबून भरली, तर त्याच सिलिंडरात जास्त हवा मावेल, जास्त पेट्रोल जळेल आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करील. या पंपाला सुपरचार्जर म्हणतात. आपण त्याला भाताच म्हणू. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन भावांनी हवा फुंकणाऱ्या यंत्राचे पेटंट १८६० साली घेतले, आणि गॉटलिब डाइमलरने इंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना १८८५ साली पेटंटात नोंदवली. म्हणजे कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे!

हा भाता फिरवायचा कोणी? इंजिनानेच. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक पुली, भात्यावर दुसरी, आणि दोहोंवर पट्टा. दांड्यावरची पुली पंधरा सेंटिमीटर आणि भात्यावरची साडेसात असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्याला भात्याचे दोन फेरे. इथवर सगळे सरळ आहे. पण आता वाद सुरू होतो. भात्याची पुली त्याच्या दांड्यावर कायमची घट्ट बसवावी, की मध्ये क्लच घालून पाहिजे तेव्हा जोडावी आणि नको तेव्हा सोडावी?

जुन्या गिरण्यांत ही दुसरी युक्ती होतीच. एकाच दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या असत, एक घट्ट आणि एक मोकळी. पट्टा मोकळीवर सरकवला की यंत्र थांबे, पण वरचा दांडा फिरत राही. मोटारीत हे काम आज बहुधा विजेचा चुंबक करतो. पुली मोकळी फिरत असते. तिच्यासमोर एक चकती, मध्ये अगदी बारीक फट. वेटोळ्यात वीज सोडली की चुंबक चकतीला ओढून घेतो आणि भाता फिरू लागतो. मोटारीतले थंड हवेचे यंत्र चालू करताना ‘टक्’ असा आवाज येतो ना? तोच हा प्रकार.

हा वाद एकदा शर्यतीच्या रस्त्यावरही उभा राहिला. मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात भात्याच्या गाड्या मांडल्या. त्यांच्यात क्लच होता. पायाखालचा खटका तळापर्यंत दाबला की भाता जोडला जाई, आणि मोठी किंचाळी ऐकू येई. पुढच्या एसएसके या गाडीच्या नावातच तिचा हिशोब लिहिलेला असे : २७/१७०/२२५. पहिला आकडा कराचा, दुसरा भात्यावाचूनच्या अश्वशक्तीचा, तिसरा भात्यासह. पण ही वाढीव ताकद थोडा वेळच वापरायची, असा दंडक होता.

इंग्लंडात सर हेन्री बर्किन यांनी बेंटलीच्या साडेचार लिटरच्या गाडीला १९२९ साली ॲमहर्स्ट व्हिलियर्स यांचा भाता बसवला. तो रेडिएटरच्या पुढे, थेट मुख्य दांड्याला जोडलेला, क्लच नाहीच. इंजिन फिरते तोवर भाता फिरतो. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांना ही गोष्ट पसंत नव्हती. १९३० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही पंथ समोरासमोर आले. काराचिओलाची मर्सिडीज पुढे, बर्किनची बेंटली तिच्या मागे. बर्किनने एकदा तिला मागे टाकले, पण टायरने दगा दिला. पुढे मर्सिडीज बिघडून बाहेर पडली, आणि भात्याच्या बेंटलीही शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. जिंकली कोण? बिनभात्याची, मोठ्या इंजिनाची बेंटली, बार्नाटो आणि किडस्टन यांची!

या गोष्टीचा अर्थ भाता वाईट असा नाही. अर्थ इतकाच, की भात्याची ताकद फुकट मिळत नाही. हिशोब पाहा. आपल्या दोन लिटरच्या इंजिनाला अर्धा किलो जास्त दाबाने सेकंदाला दीडशे लिटर हवा द्यायची, तर त्यातच सुमारे दहा अश्वशक्ती खर्च होते. घर्षण आणि गळती वेगळीच. शिवाय दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप कसा गरम होतो, ते आठवा. तापलेल्या हवेने इंजिनात ठोके पडतात.

आता तुम्ही म्हणाल, मग क्लचच बरा. सावकाश जाताना भाता थांबवावा आणि पेट्रोल वाचवावे. पूर्वी हे म्हणणे बिनतोड होते. पण पुढे एक साधी झडप आली. जोर नको असेल तेव्हा ती उघडते, आणि भात्याने पुढे ढकललेली हवा परत मागे फिरते. दाबच नाही म्हटल्यावर ओझेही नाही. उरते थोडे घर्षण. १९९४ च्या जग्वार एक्सजेआरमध्ये घट्ट पुली आणि ही झडप अशी जोडी होती. उलट टोयोटाने १९८६ च्या एमआर२ मध्ये चुंबकाचा क्लच घातला, आणि मर्सिडीजच्या एसएल ५५ एएमजीच्या साडेपाच लिटरच्या इंजिनातही तो होता. फोक्सवॅगनने २००५ साली १.४ लिटरच्या इंजिनाला भाता आणि टर्बो दोन्ही दिले. तिथे वेग वाढला की काम टर्बोकडे सोपवून भाता सोडायचा असतो, म्हणून क्लच हवाच.

खरी अडचण येते ती जुन्या गाडीच्या मालकाला. क्लचची चकती झिजते, फट वाढते. चुंबक चकतीला नीट धरू शकत नाही, ती घसरते आणि घसरून जळते. ऐन जोराच्या वेळी ताकद गळते. मग कोणीतरी सांगतो, ‘अहो, घट्ट पुली घाला, कटकट मिटेल आणि गाडीही पळेल.’ इथे जरा थांबा.

पुली घट्ट केल्याने अश्वशक्ती वाढत नाही, बरं का! निरोगी क्लच पुरता जोडला गेला की तोही घट्ट पुलीसारखाच फिरवतो. ताकद वाढते ती पुली लहान केल्याने. साडेसातची सात केली की भाता सुमारे सात टक्के जलद फिरतो. हवा वाढते, तशी उष्णताही वाढते आणि बेअरिंगांचे आयुष्य घटते. विकणारे पुष्कळदा या दोन गोष्टी एकाच डबीत घालून देतात. आपण त्या वेगळ्या करून पाहाव्यात.

घट्ट पुलीचा फायदा खरा आहे. भाग कमी, घसरण नाही, जोडताना बसणारा झटका नाही, पायाला उत्तर तत्काळ. पण क्लच हा नुसता पेट्रोल वाचवणारा नाही. तो पहारेकरीही आहे. भात्याचे बेअरिंग कुरकुरू लागले, तर क्लच सोडून मंदगतीने का होईना घरी येता येते. घट्ट पुलीचा भाता अडकला तर पट्टा जळतो किंवा तुटतो. आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असला, तर पाठोपाठ इंजिनही तापून जाते. शिवाय जो भाता अधूनमधून फिरण्यासाठी बांधला, तो आता अष्टौप्रहर फिरणार. त्याचे तेल, त्याची झडप आणि इंजिनाचा हुकूम चालवणारी विजेची पेटी या बदलाला तयार आहेत का, हे आधी विचारले पाहिजे.

तेव्हा निवाडा असा. रोजच्या रस्त्यावरची गाडी असेल आणि तिला कारखान्याने क्लच दिला असेल, तर तोच दुरुस्त करावा. पुष्कळदा फट मोजून बसवली तरी काम भागते. गाडी शर्यतीसाठीच असेल, इंजिन सदा वरच्या वेगात राहणार असेल, झडप शाबूत असेल आणि भात्याची तपासणी वेळेवर होणार असेल, तर घट्ट पुली शोभते. पण मूळ मापाचीच घ्यावी. लहान पुलीचा मोह वेगळा, आणि त्याची किंमतही वेगळी.

लोहाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. भाता किती वेळ आणि किती जोराने चालवायचा, हे तो निखाऱ्याकडे पाहून ठरवतो. आपणही पुली बदलण्याआधी इंजिनाकडे एकदा नीट पाहावे.