जुन्या फियाटचे हेड : मूळचे राखावे की दुसरे बसवावे?



जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात, लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात, ‘२१ गन सॅल्यूट’चे जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. तिथे राजघराण्यांच्या मोटारींचा थाट होता. आपल्यासारख्यांच्या घरची जुनी मोटार म्हणजे बहुधा फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पुढे सत्तरच्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली अशी गाडी चालू करायची ठरली की गॅरेजवाला इंजिनाचे हेड उतरवतो आणि विचारतो, “साहेब, हेच करायचे की दुसरे टाकायचे?” या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, ते इथे सांगतो.

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचे झाकण. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग त्यातच असतात, आणि पेट्रोलचा भडका त्याच्याच पोकळीत होतो. फियाटचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पाणी कमी पडून इंजिन अति तापले की हेड वाकते, मधले गॅस्केट उडते आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरते. शिवाय रेडिएटरमध्ये कूलंट न घालता वर्षानुवर्षे नुसते नळाचे पाणी भरले असेल, तर पाण्याच्या वाटांच्या कडा आतून खाल्ल्या जातात.

म्हणून आधी तपासणी, मग निर्णय. बँकेत तारण पाहिल्याशिवाय आपण कर्ज मंजूर करत नव्हतो, तसेच हे. हेड साफ करून त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवावी व फट फीलर गेजने मोजावी. मग हेडमध्ये दाबाने हवा भरून ते पाण्यात बुडवावे. बुडबुडे आले तर कुठेतरी तडा आहे. सूक्ष्म तडे रंगद्रव्याच्या चाचणीत दिसतात. शेवटी हेडची जाडी मोजावी, कारण पूर्वी त्याचे किती वेळा फेसिंग झाले आहे ते तिच्यावरून कळते.

फेसिंग म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणे. दर वेळी वरची पोकळी थोडी लहान होते आणि कॉम्प्रेशन वाढते. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे २७२ सीसी. उदाहरणादाखल वरची पोकळी ३९ सीसी धरली, तर प्रमाण जवळपास ८ येते. अर्धा मिलिमीटर घासल्यावर ती दीड सीसीने घटली असे धरले, तर प्रमाण सुमारे ८.२५ होते. एकदा हे चालून जाते. तीन-चार वेळा झाले, तर इंजिन ठोके देऊ लागते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या फार जवळ येतात.

हेड थोडे वाकलेले असेल, तडा नसेल आणि जाडी पुरेशी असेल, तर मूळचेच राखावे. व्हॉल्व्हच्या सीट आणि गाइड नव्या बसवता येतात. खाल्लेल्या कडा वेल्डिंगने भरून पुन्हा मशीन करता येतात. मात्र अॅल्युमिनियमच्या वेल्डिंगचा हात बसलेला कारागीर हवा. तडा व्हॉल्व्हच्या दोन सीटच्या मधोमध गेला असेल, किंवा अति तापून धातू मऊ पडला असेल, तर दुसरे हेड पाहावे.

दुसरे हेड तीन प्रकारचे मिळते : कंपनीचे न वापरलेले जुने, दुसऱ्या गाडीवरून उतरवलेले, आणि अन्य कोणी नव्याने ओतलेले. पहिले उत्तम, पण दुर्मीळ. दुसऱ्याची वर सांगितलेली सगळी तपासणी करावी. तिसऱ्याचा फायदा असा की धातू नवा असतो आणि झीज नसते. पण ओतकामात बारीक पोकळ्या राहू शकतात, पाण्याच्या वाटेत वाळू अडकलेली असू शकते आणि चारही पोकळ्या सारख्या नसू शकतात. प्रत्येक पोकळीवर भोकाची पारदर्शक पट्टी ठेवून मापाच्या नळीने रॉकेल भरावे. चारही आकडे जुळले पाहिजेत. गॅस्केट लावून सगळी भोके जुळतात का, तेही पाहावे. हेड नवे आहे म्हणून दाबाची चाचणी टाळू नये.

आता कागदपत्रांचे. शौकीन मंडळी ‘व्हिंटेज’ हा शब्द साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांसाठी वापरतात. मात्र केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, व्यापारी वापरात नसलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे हेड बदलल्याने तो बदलत नाही. तरीही त्याच नमुन्याचे हेड घ्यावे, बिल जपावे आणि काम सुरू होण्याआधीचे व नंतरचे फोटो आरसी बुकासोबत फाइलमध्ये लावावेत.

आणि दुसरे हेड बसवलेच, तर उतरवलेले मूळ हेड भंगारात देऊ नका. भंगारवाला त्याचे वजनावर पैसे देईल, पण कुर्ल्याचा तो कारखाना आता पुन्हा तसे हेड ओतणार नाही. तेल लावून, कापडात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून माळ्यावर ठेवा. आज न जुळणारा तडा उद्या एखादा चांगला कारागीर जुळवील, आणि तुमच्या नातवंडांना गाडी मूळ रूपात उभी करता येईल.