जुळ्यांच्या आईला दूध पुरते, वेळ पुरत नाही

घरात जुळी जन्मली की दोन दिवस पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवशी कुजबूज सुरू होते. "एकीच्या अंगावर दोघांचं कसं भागायचं?" आजी विचारते, शेजारीण मान हलवते आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी बाजारातून पावडरचा डबा व बाटली घेऊन येतो. बाळंतिणीला मात्र कोणी काही विचारत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शेतीखात्याच्या माणसाने बाळंतिणीच्या दुधावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. औषधपाणी हे डॉक्टरांचे काम, त्यात मी पडत नाही. पण दूध कसे उतरते, कशाने वाढते आणि कशाने आटते, हे गाई-म्हशी पाळणाऱ्या घराला नव्याने शिकवावे लागत नाही. गोठ्यात कळते ते घरात वळत नाही, एवढीच अडचण आहे.

गोठ्यातले चार धडे

पहिला धडा चिकाचा. गाय व्याली की तासाभरात वासराला चीक पाजायचा, नाहीतर वासरू रोगाला बळी पडते, हे आपण जाणतो. बाळंतिणीचा पिवळसर चीकही तसाच मोलाचा. पहिल्या दिवशी तो एका वेळी चमचाभरच येतो. नवजात बाळाचे पोट लहान असते, त्याला तेवढा पुरतो. "दूध आलंच नाही" म्हणून मध, गुळाचे पाणी किंवा गुटी देऊ नका. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे.

दुसरा धडा धारेचा. जनावर आटवायचे असेल तर आपण धारा कमी करतो. दूध कासेत राहिले की शरीर समजते, आता गरज नाही. बाईच्या शरीराचेही तसेच. विहीर उपसावी तसे झरे वाहतात. एका बाळाची आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते. दोन बाळे वारंवार ओढू लागली की जुळ्यांच्या आईला याच्या दुपटीनेही दूध येऊ शकते. वरच्या दुधाची बाटली दिली की बाळ तेवढा वेळ ओढत नाही आणि त्या प्रमाणात आईचे दूध कमी होते. मग घर म्हणते, "बघा, दूध नव्हतंच."

तिसरा धडा शेवटच्या धारेचा. शेवटच्या धारेत स्निग्धांश जास्त असतो. म्हणून बाळाला दोन मिनिटांत ओढून बाजूला करू नये. एक बाजू पोटभर पिऊ द्यावी.

चौथा धडा पान्ह्याचा. गाईला मारझोड केली, कुत्रे भुंकले की ती पान्हा चोरते. बाईचा पान्हाही दुखण्याने, धास्तीने आणि टोमण्यांनी अडतो. बाळ अंगाशी घेतले, पाठीवर मायेचा हात फिरला की तो मोकळा होतो.

वेळेचा हिशेब मांडा

एक बाळ दिवसरात्रीत किमान आठ वेळा पिते. सुरुवातीला एका पाजण्याला अर्धा तास धरा. म्हणजे एका बाळाचे चार तास, दोघांचे आठ तास. एकेकाला पाजायचे तर पूर्ण दिवसाची मजुरी तिथेच झाली. त्यात ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि झोपवणे आले. त्यावर स्वयंपाक, पाणी आणि धुणे घातले तर ती झोपणार केव्हा?

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दोघांना एकदम पाजणे. आईने पाठ टेकून बसावे आणि मांडीवर उशी घ्यावी. एक बाळ उजव्या बगलेखाली, दुसरे डाव्या बगलेखाली, पाय पाठीमागे आणि तोंड छातीशी. बाळाच्या तोंडात नुसते बोंड नको, भोवतीचा काळसर भागही गेला पाहिजे. नाहीतर बोंडाला चिरा पडतात आणि दूधही उतरत नाही. बाळे देण्या-घेण्याला सुरुवातीला दुसरे माणूस हवेच. एक बाळ सशक्त व दुसरे अशक्त असेल तर दोघांना एकदम लावल्याने सशक्त बाळाच्या ओढीने पान्हा फुटतो व अशक्तालाही आयते मिळते. बाजू मात्र आलटून पालटून द्याव्यात.

दुसरा उपाय घरच्यांच्या हातात आहे. किहीमसारख्या गावात आषाढात बाळंतपण आले तर भाताची लावणी डोक्यावर असते, इतर दिवसांत नारळी-पोफळीच्या वाडीचे शिंपण असते. हाताला माणूस नसतो, हे खरे. तरी पहिले तीन महिने तिच्याकडे फक्त पाजण्याचे काम ठेवा. ढेकर काढणे, लंगोट, धुणी आणि पाणी ही कामे नवऱ्यालाही जमतात.

बाळे एकीकडे, आई दुसरीकडे

जुळी पुष्कळदा दिवस भरण्याआधी येतात आणि अडीच किलोपेक्षा कमी भरतात. मग त्यांना नवजात शिशू विभागात ठेवतात. किहीमहून अलिबाग दहा-बारा किलोमीटर, तिथल्या जिल्हा रुग्णालयात जाणे-येणे होते. पण बाळे मुंबईला हलवली तर मध्ये समुद्र येतो. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या प्रवासी लाँची बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट असते, तीही हवामान पाहून. ओली बाळंतीण घरी, बाळे पलीकडे. अशा वेळी आठ-दहा दिवस दूध काढलेच नाही तर ते आटत जाते आणि बाळे घरी येईपर्यंत फार थोडे उरते. म्हणून बाळ ओढत नसेल तर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला लागावे. दिवसरात्रीत आठ वेळा, त्यात एकदा रात्री.

पद्धत सोपी आहे. हात साबणाने धुवावेत. स्टीलची रुंद वाटी उकळून घ्यावी. छाती कोमट फडक्याने शेकून हलके चोळावी. अंगठा वर व बोटे खाली, काळसर भागाच्या कडेला ठेवावीत. आधी छातीकडे दाबावे, मग बोटे जवळ आणावीत, मग सैल सोडावे. बोंड ओढू नये, त्वचेवर बोटे घासू नयेत. पहिली काही मिनिटे थेंबच येतात, मग धार लागते. बाजू बदलत वीस ते तीस मिनिटे काढावे. दूध काढायचे पंपही मिळतात, हाताचे आणि विजेचे. त्यांनी वेळ वाचतो, पण दुधाला लागणारा प्रत्येक भाग दर वेळी धुऊन डॉक्टर-नर्स सांगतील तसा निर्जंतुक केला पाहिजे. पहिल्या दिवसांचा दाट चीक मात्र हातानेच चांगला निघतो.

काढलेले दूध झाकून गार जागी ठेवावे आणि चार तासांत वापरावे. फ्रीज असेल तर आतल्या बाजूला ठेवून चोवीस तासांत संपवावे. दाराच्या कप्प्यात ठेवू नये. विस्तवावर तापवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करावे. रुग्णालयात पाठवायचे तर आधी नर्सला विचारावे आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात, बर्फात, नाव व वेळ लिहून पाठवावे. पाजताना बाटली नको. उकळलेला वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले उत्तम. बोंडल्याच्या चोचीत दूध साचते, ती नीट घासून उकळावी.

शीवच्या रुग्णालयाने काय केले?

हे काही पुस्तकी ज्ञान नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात नवजात बाळे जंतुसंसर्गाने दगावत असत. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे पावडरचे दूध व बाटल्या बंद केल्या आणि आयांनाच बाळांच्या सेवेत सामील करून घेतले. पुढे १९८९ साली त्याच रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उघडली. जास्त दूध असलेल्या आया तपासणीनंतर दूध देतात. ते ६२.५ अंश तापमानावर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, पुन्हा तपासतात, गोठवतात आणि ज्यांना आईचे दूध मिळत नाही अशा कमी वजनाच्या बाळांना देतात. एवढी खटपट कशासाठी? कारण नाजूक बाळाला आईच्या दुधानंतर दुसऱ्या आईचेच दूध जास्त मानवते. शेजारणीचे दूध मात्र तपासणीशिवाय परस्पर देऊ नये.

गाईचे दूध वासरासाठी आहे. वासरू दीड महिन्यात दुप्पट होते, बाळाला पाच महिने लागतात. म्हणून गाईच्या दुधात प्रथिने जवळजवळ तिप्पट असतात आणि ती तान्ह्या बाळाला झेपत नाहीत. डब्याच्या जाहिरातींवर तर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर ते द्यावे. त्यात आईचा कमीपणा नाही, आणि अंगावरचे चालूच ठेवावे.

पुरते आहे की नाही, कसे ओळखावे?

रडण्यावरून ओळखू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करते का आणि वजन वाढते का, ते पाहा. दोन बाळांची नोंद वेगवेगळी ठेवा. पिकाची वही ठेवतो तशी एक वही करा. आशाताई घरी येतात तेव्हा वजन करून घ्या. बाळ ओढेनासे झाले, गार पडले, जागे होईना, भराभर श्वास घेऊ लागले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आईला ताप आला, छाती लाल होऊन दुखू लागली तरी दूध काढणे बंद करू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

बाळंतिणीचे पथ्य म्हणून तिला उपाशी ठेवू नका. भात, भाकरी, वालाचे बिरडे, ताजी मासळी, अंडी, पालेभाजी, नाचणी असे सगळे द्या. आहळीव-मेथीचे लाडू द्याच, पण लाडू देऊन कामाला जुंपू नका. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. पाजायला बसण्यापूर्वी तांब्याभर पाणी तिच्या हाताशी ठेवा.

दुभत्या गाईला आपण नांगराला जुंपत नाही. दोन जिवांना पोसणाऱ्या सुनेला निदान तेवढा विसावा द्या. मग डब्यासाठी बाजारात जायची वेळ बहुतेक घरांवर येणार नाही.